न मागितलेलं पुस्तक



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते याच वाचनालयाचे ग्रंथपाल होते. त्यांच्या नावावर एकही ग्रंथ नाही. पण पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला ते 'कसं वाटलं?' असं विचारायचे, तो काय सांगतो ते नीट ऐकून घ्यायचे आणि मग कपाटाकडे जाऊन त्यानं न मागितलेलं एक पुस्तक आणून टेबलावर ठेवायचे. 'हे वाचून बघा, नाही रुचलं तर उद्या परत आणा.' ते पुस्तक घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत न आणणारी कितीतरी माणसं आज या सभागृहात बसली असतील. त्यांतलीच मी एक.

संयोजकांनी मला विषय दिला आहे 'माझं वाचन'. आवडती पुस्तकं, आवडती मासिकं, आणि अलीकडे ऐकते ते पॉडकास्ट. त्यांच्याबद्दल मी बोलणारच आहे. पण नुसती यादी ऐकून तुम्हाला काय मिळणार? यादी छापून वाटता आली असती. मला त्या यादीच्या मागे जायचं आहे. ही पुस्तकं माझ्यापर्यंत आली कशी? काय मागावं हेच ज्या वयात ठाऊक नसतं, त्या वयात आपल्याला हवं ते आपल्यापर्यंत कोण पोचवतं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आवडीचं वाचून वाचक टिकतो. न मागितलेलं वाचून तो वाढतो. आणि न मागितलेलं आपल्याकडे येतं ते कुठल्यातरी माणसामुळे. कधी तो वाचून दाखवणारा असतो, कधी संपादक असतो, कधी पुस्तक हातात ठेवणारा असतो. या तिघांबद्दल मी क्रमानं बोलते.

पहिला, वाचून दाखवणारा.

मराठी समाजाचं वाचन कानापासून सुरू झालं. अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीधर कवींनी हरिविजय, रामविजय आणि पांडवप्रताप लिहिले. पुढे दोनशे वर्षं महाराष्ट्रातल्या घराघरांत, देवळांत, गावच्या चावडीत हे ग्रंथ वाचले गेले. वाचणारा एक, ऐकणारी सगळी आळी. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. स्त्रियांना तर ती होऊच दिली जात नव्हती. तरी कर्णाची बाजू घेऊन भांडणारी, सीतेच्या त्यागावर प्रश्न विचारणारी म्हातारी माणसं आपल्यातल्या अनेकांनी पाहिली आहेत. त्यांना निरक्षर म्हणता येईल. पण अवाचक म्हणता येईल का? मला तसं म्हणवत नाही.

आणि पोथी ऐकायला बसणारा विषय निवडत नव्हता. आज कोणता अध्याय, हे पोथीच ठरवायची. युद्ध आवडणाऱ्याला शांतिपर्वही ऐकावं लागायचं. ही शिस्त होती, आणि तिचं फळही होतं. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरी त्यांचे वडील रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. मोठेपणी बाबासाहेबांना ते ग्रंथ पटले नाहीत. त्यांनी त्यांच्यावर कठोर प्रश्न विचारले. पण प्रश्न विचारायला आधी ग्रंथ कानावरून जावा लागतो.

पोथीनंतर रेडिओ आला. 1 एप्रिल 1955, रामनवमीचा दिवस. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत. आठवड्याला एक गीत, असं वर्षभर चाललं आणि एकूण छप्पन गीतं झाली. लोक आठवडाभर वाट पाहायचे. आज ज्याच्या खिशात सगळी छप्पन गीतं एका वेळी असतात, त्याला ती वाट पाहणं समजावून सांगणं कठीण आहे. पण वाट पाहण्यामुळे मन आधीच तयार होतं, जागा करून ठेवतं, आणि आलेलं गीत त्या जागेत बसतं. एका बैठकीत सगळं ऐकून टाकलं तर ते तितकं बसत नाही.

आता पॉडकास्ट. मला तरुण मुलं विचारतात, 'पॉडकास्ट ऐकणं हे वाचनात धरायचं का?' आणि माझ्या वयाची माणसं विचारत नाहीत, थेट सांगतात, 'ते काही वाचन नव्हे.' मी दोघांनाही पोथीची आठवण करून देते. ज्या समाजानं श्रवणाला भक्तीतली पहिली पायरी मानलं, त्यानं ऐकण्याला कमी लेखू नये.

मी ऐकते ते सांगते. बीबीसीचा 'इन अवर टाइम' हा कार्यक्रम 1998 मध्ये सुरू झाला. मेल्विन ब्रॅग यांनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ तो चालवला. त्याचा साचा साधा आहे: एक विषय, त्या विषयात आयुष्य घालवलेले तीन अभ्यासक, आणि सामान्य श्रोत्याच्या वतीनं प्रश्न विचारणारा एक माणूस. एका आठवड्यात भूकवचाच्या हालचाली, पुढच्यात एखादा चिनी कवी, त्यापुढे एखादी विस्मरणात गेलेली लढाई. माझ्या आवडीचा विषय कधी येईल म्हणून मी तो ऐकत नाही. माझ्या आवडीचा नसलेला विषय येतो म्हणून ऐकते. मराठीत 'मित्रम्हणे' आणि 'अमुक तमुक' यांसारख्या पॉडकास्टनी दीर्घ, निवांत गप्पा पुन्हा आणल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत कोणाचंही वाक्य पुरं होत नाही. इथे माणूस आपलं म्हणणं सावकाश, चाचपडत, शेवटापर्यंत नेतो. पुरं वाक्य ऐकायला मिळणं ही आज साधी गोष्ट राहिलेली नाही.

मात्र पोथीत आणि पॉडकास्टमध्ये एक फरक आहे, तोही सांगितला पाहिजे. पोथी चारचौघांत ऐकली जायची आणि उठता उठता तिच्यावर बोलणं व्हायचं. पॉडकास्ट आपण कानात बोंडं घालून एकट्यानं ऐकतो, आणि तो संपताच दुसरा सुरू होतो. म्हणून मी एक नियम ठेवला आहे. ऐकलेल्यातलं एक नाव, एक पुस्तक वहीत टिपायचं, आणि त्याबद्दल कोणाशी तरी बोलल्याशिवाय पुढचा भाग लावायचा नाही. ऐकणं ही सुरुवात आहे. तिला पुढे नेणं आपल्या हातात आहे.

दुसरा, संपादक.

श्रोतेहो, मराठी वाचकाला सर्वांत जास्त कोणी घडवलं, असं मला विचाराल तर मी म्हणेन, नियतकालिकांनी. पुस्तकांच्याही आधी, पुस्तकांपेक्षाही जास्त. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. नंतर सोळा वर्षांनी, 1848 मध्ये, भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या सहीनं पत्रं येऊ लागली. गोपाळ हरी देशमुखांची ती शतपत्रं. साप्ताहिक घेणारा माणूस बातमीसाठी घेत होता. त्याला मिळालं काय? त्याच्याच जातीवर, त्याच्याच आळसावर, त्याच्याच घरातल्या स्त्रियांच्या दशेवर केलेली कडक टीका. ती त्यानं मागितली होती का? मुळीच नाही. कोणी मागितलीही नसती.

1890 मध्ये हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. यमूची कथा आठवड्याआठवड्यानं मध्यमवर्गीय घरांत शिरली. मनोरंजनासाठी घेतलेल्या पत्रात विधवेच्या केशवपनाचा प्रसंग आला, आणि तो वाचणाऱ्या घरांत तशाच मुली होत्या. दुपारी अंक वाचणारी एखादी बाई आणि संध्याकाळी तोच अंक वाचणारा तिचा नवरा, दोघांनी एकच पान वाचलं. त्या घरात त्या रात्री काही बोलणं झालं असेल का? मला वाटतं, झालं असेल. समाज असाही बदलतो.

आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर तयार व्हायचे. त्या कारखान्याची बातमी देणारं 'किर्लोस्कर खबर' हे पत्र 1920 मध्ये निघालं. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक केलं. पुढे 1930 मध्ये 'स्त्री' आलं, 1934 मध्ये 'मनोहर'. नांगराच्या कारखान्यातून निघालेल्या मासिकांनी बुद्धिवाद, स्त्रियांचं शिक्षण, घटस्फोट, संततिनियमन असे विषय सांगली-साताऱ्यापासून विदर्भापर्यंतच्या घरांत नेले. ज्या घरात एकही ग्रंथ नव्हता, तिथे 'स्त्री'चे अंक बांधून ठेवलेले असायचे.

आणि दिवाळी अंक! 1909 मध्ये का. र. मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून आपला सण वाचनाशी बांधला गेला. एकाच वेष्टनात कथा, कविता, व्यंगचित्रं, प्रवासवर्णन, शेतीवरचा किंवा पाण्यावरचा दीर्घ लेख, आणि शेवटी राशिभविष्य. भविष्यासाठी अंक उघडणारा माणूस पानं उलटता उलटता कवितेपाशी थांबतो. दिवाळी अंक वाचायची माझी रीत ठरलेली आहे. ज्या विषयातलं मला काहीही कळत नाही, तो लेख आधी. ओळखीच्या लेखकाची कथा सगळ्यांत शेवटी, कारण तिच्याकडे मी आपोआप जाणारच असते.

इथे तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की संपादकाचं दार सगळ्यांना उघडं होतं का? नव्हतं. पुण्या-मुंबईच्या मोजक्या लोकांनी ठरवलेली अभिरुची अनेकांना बाहेर ठेवत होती. म्हणूनच 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांना 'मूकनायक' काढावं लागलं. म्हणूनच 1950च्या दशकात 'शब्द'सारखी अनियतकालिकं निघाली. म्हणूनच 1960चं दशक संपता संपता गंगाधर पानतावण्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' उभं केलं, आणि प्रस्थापित मासिकांनी न ओळखलेले लेखक तिथे लिहिते झाले. पण यातून आपण काय शिकायचं? एका संपादकाची निवड अपुरी होती, म्हणून या लोकांनी निवडच नको असं म्हटलं नाही. त्यांनी नवे संपादक उभे केले. बंद दारावर त्यांचं उत्तर दुसरं दार हे होतं.

आज आपल्या हातातला फोन काय करतो? काल आपण जे पाहिलं त्याच्यासारखंच आज दाखवतो. काल जिथे थांबलो, तिथेच आज अधिक वेळ थांबवतो. आपण वाढावं अशी त्याची इच्छा नाही. त्याला इच्छाच नाही. त्याला हिशेब आहे. संपादक चुकायचा, पक्षपात करायचा, पण त्याला तुमच्याबद्दल एक आशा असायची: हे माझ्या वाचकाला आज आवडणार नाही, पण त्यानं ते वाचलं पाहिजे. हे वाक्य म्हणणारा माणूस आपल्या वाचनातून नाहीसा होतो आहे. माझी खरी काळजी ही आहे.

तरी सगळं संपलेलं नाही. 15 ऑगस्ट 1948 रोजी साने गुरुजींनी सुरू केलेली 'साधना' आजही निघते. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून चालू आहे, आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. आपल्या नातवंडांना ते उघडून दिले आहेत का? आज रात्रीच द्या.

तिसरा, पुस्तक हातात ठेवणारा.

1907 साल. मुंबईत भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या समाजात ही गोष्ट इतकी दुर्मीळ होती की सत्काराची सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी होते. बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरलेला होता. केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. त्या मुलानं ते मागितलं नव्हतं. पण आपल्या बुद्धविचाराची सुरुवात कुठून झाली हे सांगताना बाबासाहेबांनी या पुस्तकाची आठवण काढली आहे. ते पुस्तक हातात पडलं 1907 मध्ये, आणि नागपूरची धम्मदीक्षा झाली 1956 मध्ये. मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेली. पुस्तक भेट देताना केळुसकरांना हे दिसत होतं का? कसं दिसणार? पुस्तक हातात ठेवणाऱ्याला फळ दिसत नाही. तरी तो ते ठेवतो.

आता माझी पुस्तकं. फार नाही, तीनच सांगते, आणि तिन्ही मला कोणीतरी दिलेली आहेत.

'माझा प्रवास' मला आपल्या ग्रंथपालांनी दिलं. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होतं. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, असं कळलं म्हणून हा भिक्षुक निघाला आणि 1857च्या ऐन वणव्यात सापडला. झांशीच्या वेढ्यात तो आत होता. कत्तल आणि लूट त्यानं डोळ्यांनी पाहिली. जे मिळवलं ते गमावलं, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो घरी परतला. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहानं त्यानं हे लिहिलं, आणि त्याच्या मृत्यूनंतर 1907 मध्ये वैद्यांनी ते छापलं. या पुस्तकात मोठेपणाचा आव नाही. राणीबद्दल लिहिणारा हा माणूस त्याच हातानं पाण्याची टंचाई आणि जेवणाची पंचाईतही लिहितो. इतिहास सामान्य माणसाच्या अंगावरून कसा जातो, हे मला या पुस्तकानं शिकवलं. वैद्यांनी आग्रह धरला नसता तर हे पुस्तक आपल्याला मिळालंच नसतं, हेही लक्षात घ्या.

दुसरं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. माझ्या एका वयस्क सहशिक्षिकेनं ती मला दिली. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नाहीत. वाचायला त्या नवऱ्याकडून शिकल्या. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईचं जग मोडलं. पुढे 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात त्यांच्या मनात जातपात कशी एकेक पदरानं सुटत गेली, ते वाचायला हवं. रडण्याच्या जागी त्या हसवतात, आणि हसता हसता आपल्याला कळतं की या बाईनं किती सोसलं आहे. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनीच पुरं केलं. शिक्षणानं माणूस मोठा होतो, असं आपण मुलांना सांगतो. हे पुस्तक सांगतं की शिकण्याची भूक त्याहूनही मोठी असते.

तिसरं, दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. 1956चं पुस्तक. एकेका महिन्यावर एकेक लेख. हे मी सलग वाचत नाही. चैत्र लागला की चैत्र, आषाढ लागला की आषाढ. म्हणजे दरवर्षी हे पुस्तक माझ्याकडून पुन्हा वाचून होतं, आणि वाचून झाल्यावर मी घराबाहेरच्या झाडाकडे जाते. एशियाटिकच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या या विदुषीनं पानाफुलांकडे बघायला शिकवलं, आणि 1975च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभं राहायलाही शिकवलं. ही दोन माणसं नव्हेत, एकच. जे नीट बघतात ते गप्प बसत नाहीत.

वाचनाची माझी रीत विचाराल तर तीन गोष्टी सांगेन. हातात पेन्सिल हवी. महिन्यातून एक तरी पुस्तक माझ्या आवडीबाहेरचं हवं. आणि चांगलं पान घरात कोणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवं. मोठ्यानं वाचताना खोटं वाक्य लगेच अडखळतं. खरं वाक्य पुढे जातं.

शेवटचा मुद्दा, आपलं कर्तव्य.

लोकहितवादींनी 1848 मध्ये पुण्यात ग्रंथालय उभं करण्यात पुढाकार घेतला. कोल्हापूर संस्थानानं 1945 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशात पहिला. महाराष्ट्राचा कायदा 1967चा. 2017 मध्ये महाबळेश्वरजवळचं भिलार पुस्तकांचं गाव झालं. इतकी मोठी परंपरा आपल्याकडे आहे. आणि तरीही खेड्यातल्या ग्रंथपालाला मिळणारं मानधन इतकं तुटपुंजं आहे की त्याला पोटासाठी दुसरं काम करावं लागतं. ज्या माणसानं वाचकाला ओळखून पुस्तक द्यायचं, त्याला वाचायलाच वेळ मिळत नाही. मग तो कपाटाची किल्ली सांभाळणारा होतो. हा दोष त्याचा नाही. सरकारचा आहे, आणि ते खपवून घेणाऱ्या आपलाही आहे.

तर मी काय मांडलं? आपलं वाचन एकट्याचं वाटतं, पण ते एकट्याचं नसतं. कोणी वाचून दाखवलं, कोणी निवडून छापलं, कोणी हातात ठेवलं, म्हणून आपण वाचक झालो. हे तिघं नसतील तर आपल्या हाती फक्त आपली आवड उरेल, आणि नुसती आवड दरवर्षी थोडी थोडी अरुंद होत जाते.

म्हणून माझं मागणं आहे. घरात मुलांना रोज थोडं वाचून दाखवा. मूल वाचायला शिकल्यावर ते थांबवू नका. या वाचनालयाचे सभासद असाल तर घरातल्या आणखी एकाला सभासद करा. ग्रंथपालांच्या मानधनासाठी आपल्या आमदारांना पत्र लिहा, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा लिहा. आणि एका मराठी नियतकालिकाची वर्षाची वर्गणी भरा, शक्यतो ज्याची मतं तुम्हाला पटत नाहीत अशाची. मराठी वाचक संपला, असं हल्ली पुष्कळ लोक बोलतात. ज्यानं यंदा एकाही मराठी नियतकालिकाची वर्गणी भरलेली नाही, त्याला तसं म्हणण्याचा अधिकार नाही.